जामीन राहण्यास तयार नाही

माझा धाकटा भाऊ आठ वर्षं तुरुंगात होता. त्यात तीन वेळा तो थोड्या दिवसांसाठी घरी येऊ शकला असता. तिन्ही वेळा मीच त्याला येऊ दिलं नाही. आईला मात्र सांगत राहिलो की सरकार सोडत नाही.

गुन्हा त्याने केला होता, त्याबद्दल वाद नाही. शेतात पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, त्याने खोऱ्याचा दांडा हाणला, समोरचा माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. दहा वर्षांची सजा झाली. त्याचं लग्न व्हायचं होतं. गावात आईला राहवेना, म्हणून मी तिला जालन्याला, माझ्या भाड्याच्या घरी आणलं. नवीन जालन्यात एका बियाणांच्या पेढीत मी कामाला होतो, अजूनही आहे. पेढीत मला भाऊ आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, आम्हाला दोन बहिणी. बहिणी आहेतच, तेवढं खोटं नव्हतं.

काही वर्षं सजा भोगली की कैद्याला रजा मिळते. तिला सगळे फर्लो म्हणतात. कैदी अर्ज करतो, मग पोलीस घरी येऊन नातेवाइकाचा जबाब घेतात, की हा माणूस तुम्ही ठेवून घेता का, त्याला जामीन राहता का. गावात समोरची पार्टी होती, म्हणून पत्ता माझा दिलेला होता.

पहिल्यांदा जमादार आले ते दुपारी, मी जेवायला घरी आलो होतो तेव्हा. आई गल्लीतल्या देवळात भजनाला गेली होती. बाहेर ओट्यावर घरमालक बसलेले. जमादारांनी आत बसून फाईल काढली, म्हणाले, "भाऊ, सही करा, बराबर एकवीस दिवसांचा प्रश्न हाय. ठेवून घेता ना?"

मी ओट्याकडे पाहिलं. म्हणालो, "जागा न्हाई साहेब. दोन खोल्या, लेकरं मोठी झाली."

"विचार करा. आई हाय ना घरी?"

"तिची तब्येत न्हाई बरी."

त्यांनी तसंच लिहिलं, मी सही केली. ते गेल्यावर घरमालकांनी विचारलं, "पोलीस कशाला आल्ता?" माझ्या तोंडून निघालं, "पासपोर्टची चौकशी होती." संध्याकाळपर्यंत मी दुबईला जाणार ही बातमी गल्लीभर झाली. पुढच्या वर्षी जमादार पुन्हा आले तेव्हा घरमालक म्हणाले, "अजून पासपोर्ट निघाला न्हाई का हो? एजंट धरा एखादा." मी हसलो. त्याही दिवशी मी आत जाऊन नाही म्हणूनच सही केली होती. तिसऱ्या वर्षी तर जमादारांनी बसायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "तेच लिहू ना?" एवढंच विचारलं.

लोक म्हणतील, भीती वाटली असेल. भावाची भीती मला कधीच वाटली नाही. तो रागाच्या एका घटकेत वाया गेलेला माणूस होता, हे मला ठाऊक होतं. मला भीती होती ओट्याची, पेढीतल्या गल्ल्याच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या त्याची, आणि खरं सांगायचं तर मला तसं राहायची सवय झाली होती. भाऊ नसलेला माणूस म्हणून राहणं सोपं होतं.

दर तीन-चार महिन्यांनी मी जेलात त्याच्या मुलाकतीला, भेटायला जायचो. मध्ये काच, हातात फोन. तो आईच्या गुडघ्यांचं विचारायचा, लेकरांच्या शाळेचं विचारायचा. फर्लोचं अवाक्षर नाही. जेलातून त्याचा घरी फोन यायचा, तेव्हा आई म्हणायची, "कव्हा येतूस रे बाबा?" तो सांगायचा, "साहेब लोक सोडून न्हाई राह्यले, आई." फोन स्पीकरवर असायचा. मी शेजारी बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं, बिचाऱ्याला काही कळत नाही.

तिसऱ्या नकारानंतर आईने चतुर्थी धरली. मला म्हणाली, राजूरच्या गणपतीला घेऊन चल. गुडघे धड नाहीत, तरी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून आली. दर्शनाच्या रांगेत ती बायांना सांगत होती, "लेकाला सोडना गेलेत. त्या साहेबाला बुद्धी दे म्हणून आले मी. त्यालाबी आई असंल की. त्याचं काही वाईट न्हाई मागत मी." मी तिच्या चपला हातात धरून उभा होतो. ती पुढे गेली, गाभाऱ्यासमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली. त्या साहेबासाठी. येताना तिने प्रसादाचा पेढा अर्धा करून माझ्या हातावर ठेवला.

पुढच्या वर्षी जमादारांची वाट न बघता मीच पोलीस स्टेशनला गेलो. म्हणालो, अर्ज आला असेल तर मी ठेवून घेतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जागा निघाली का मंग?" इतकंच म्हणाले.

तो आला. आईने त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि रडायच्या आधी म्हणाली, "केस कुणी कापले असले?" घरमालकांना सांगावंच लागलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "पासपोर्ट हाच का?" आणि संध्याकाळी गॅलरीचं कुलूप काढून दिलं. "आत उकडतंय. त्याला हिकडं झोपू द्या." ज्या माणसासाठी मी तीन वर्षं भावाला बाहेर ठेवलं त्याने पाच मिनिटंही घेतली नाहीत.

तरी मी बदललो होतो असं नाही. रोज सकाळी उठल्यावर मी आधी दारातल्या चपला बघायचो, त्याच्या आहेत ना. तो पळाला तर मी जामीन होतो.

रोज त्याला पोलीस स्टेशनला हजेरी द्यावी लागायची. मी त्याला गाडीवर नेऊन आणायचो. आठव्या की नवव्या दिवशी, परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. गाडी बंद करून आम्ही थांबलो. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. आधीच्या वेळी..."

"म्हाईत हाय," तो मागून म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"अर्ज नामंजूर झाला की त्याचं कारण लिहून येतंय. ते वाचून दाखवतेत, आन आपली सही घेतेत. 'भाऊ जामीन राहण्यास तयार नाही.' तिन्ही बार तेच. फक्त तारीख बदलली."

मला वळून त्याच्याकडे बघता येईना. मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत मी डबे बघत राहिलो. मग विचारलं, "मंग आईला साहेब सोडत न्हाईत असं का सांगितलं?"

"तू काय सांगितलं असशील ते कळत न्हाई का मला? दोघांच्या जबानीत फरक पडला की केस फसती. जेलात एवढं तर शिकलो." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा म्हणाला, "पहिल्या बारीला लई राग आल्ता. तुला खोटं न्हाई सांगत. त्याच्या पुढच्या मुलाकतीला येणारच नव्हतो भेटायला."

"मी आज सांगतो तिला."

"बिलकुल न्हाई." आता तो हसत नव्हता. "मी बारा दिवसांनी चाललो परत. तू सांगून मोकळा होशील. ती उद्या कोणाच्या घरी जेवंल? तुझ्या हातचं ती पाणी घेणार न्हाई, आन तिला दुसरं घर न्हाई. मी सुटून येऊ दे. माझी खोली होऊ दे. मंग सांग."

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

एकविसाव्या दिवशी तो वेळेवर परत गेला. त्यानंतर दरवर्षी मी सही केली आणि तो येत राहिला. आई जमादारांना 'देवमाणूस' म्हणायची. मी ते ऐकून घ्यायचो.

गेल्या वर्षी सूट धरून त्याची सजा संपली. जेलात तो सुतारकाम शिकला होता. जुन्या जालन्यात चौकटी बनवणाऱ्या एका मिस्त्रीने, सगळं माहीत असून, त्याला कामावर घेतलं. कारखान्याजवळच त्याने एक खोली केली. पहिला पगार झाल्यावर तो मला म्हणाला, "आता तू तुझं बघ."

दुपारची वेळ होती. बायकोला मी आधीच सांगितलं होतं, ती लेकरांना घेऊन बाहेर गेली. आई पलंगावर बसून भावाच्या खोलीसाठी जुन्या गोधडीला टाके घालत होती. मी खाली जमिनीवर बसलो आणि सांगितलं. ओटा, जमादार, सही, सगळं. तिने सुई गोधडीत खोचून ठेवली.

"किती बार?"

"तीन."

"अन राजूरला गेल्तो तव्हा?"

"त्याच्या आधीच्या तिन्ही बारी. तव्हा सगळं होऊन गेलेलं होतं."

"त्याला म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून."

तिने गोधडीची घडी घातली. मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. मागितली असेल. संध्याकाळी भाऊ आला, तिने त्याला म्हटलं, "माझी पेटी घे." भावाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेटी उचलली.

ती आता त्याच्याकडे राहते. मी रविवारी जातो. ती मला बस म्हणत नाही, मी बसतो. चहा ती करते, पण माझ्याशी बोलत नाही. भावाला म्हणते, "त्याला इचार, साखर बराबर हाय का." खोली एवढी छोटी की तिघांचे गुडघे लागतात. भाऊ माझ्याकडे बघून विचारतो, "साखर बराबर हाय का?" मी त्याला सांगतो, बरोबर आहे म्हणावं. तो तिला सांगतो.

मागच्या रविवारी निघताना भावाने मला कोपऱ्यापर्यंत सोडलं. मी म्हणालो, "सात महिने झाले रे."

"मंग?" तो म्हणाला. "तुझा अर्ज तिच्याकडं हाय. ती करंल तव्हा करंल. तू दर रविवारी येत जा फक्त."