हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

रतनबाईंचा जेवणाचा डबा मी उघडून द्यायचे. दुपारी जेवायला बसलो की त्या डबा माझ्याकडे सरकवायच्या आणि लगेच म्हशीचा नाहीतर नातवाचा विषय काढायच्या. झाकण लय घट्ट बसतं, असं त्यांचं म्हणणं. झाकण काही घट्ट नव्हतं. पुढेपुढे डब्यातल्या भाकऱ्याही वेड्यावाकड्या असायच्या, कडा फाटलेल्या. मी चिडवलं की म्हणायच्या, "घाईत झाल्या गं." आणि हाताला काय झालंय विचारलं की, "कुटं काय? झ्याक हाय."

लोणावळ्यात त्र्यंबकशेठच्या चिक्कीच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. रतनबाई औंढ्याहून येतात, लाटायला. उकळता पाक शेंगदाण्यांसकट टेबलावर ओतला की तो आळायच्या आत जाड लाटण्यानं सगळीकडे सारखा पसरवायचा, हे त्यांचं काम. पूर्वी ते भिमाजी करायचा. भिमाजी म्हणजे ताडमाड माणूस, टेबल त्याच्याच मापाचं. तो गावी गेला, टेबल राहिलं आणि त्यासमोर उभ्या राहिल्या पाच फुटांच्याही आतल्या रतनबाई. खांदे कानापर्यंत उचलून आणि मनगट मुरगाळून त्यांनी वीस वर्षं चिक्की लाटली. पायाखाली फळी घेऊन पाहिली, पण तेलकट फरशीवर ती सरकायची.

गेल्या वर्षी चिक्की एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ यायला लागली. दुकानदार कुरकुरले. त्र्यंबकशेठ माणूस वाईट नाही, पण तपासल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा खाक्या. तेवढ्यात तळेगावची नीरजा आली. काम करताना माणसाचे हात, डोळे, पाठ कशी चालते, कशानं बिघडते, यावर तिचं संशोधन चालू होतं. शेठनं तिला आत घेतलं आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "टेबलाचा दोष निघाला तर टेबल बदलू. नाही निघाला, तर रतनबाई, तुम्ही पॅकिंगला बसायचं."

रतनबाईंचा चेहरा उतरला. पॅकिंग काही कमी दर्जाचं काम नाही, मी करतेच की! पण लाटणं त्यांच्या हातून काढून घेणं म्हणजे पोळपाट-लाटणं काढून घेऊन बाईला स्वयंपाकघराबाहेर बसवण्यासारखं होतं.

नीरजानं कॅमेरा लावला. मनगटावर पट्टे बांधले. दिवा लागला की बटण दाबा, बारीक फटीतून काडी कडेला न लावता न्या, असले खेळ मांडले. एक मूठ होती, ती जोरात दाबली की आकडा दिसायचा. रतनबाईंनी दात-ओठ खाऊन अशी दाबली की आकडा उत्तम आला. नंतर दोन मिनिटं हात पदराखाली धरून बसल्या होत्या, ते मी पाहिलं. शेवटी नीरजा एक कार्ड पुढे धरायची. त्यावर सहा चेहरे, पहिला खदखदून हसणारा, शेवटचा ढसाढसा रडणारा. "मावशी, आज हात किती दुखतोय, त्या चेहऱ्यावर बोट ठेवा."

रतनबाईंचं बोट रोज हसऱ्या चेहऱ्यावर. आणि त्यांचं पाहून बाकीच्या बायकांचंही!

मला राग आला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं याहून वेगळं काय असतं? मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, दुखतं म्हणा की! टेबल बदलेल."

"पावनी हाय ती. लांबनं येती. तिच्यापुडं कसलं रडगानं गायचं?"

 मी परत पॅकिंगला जाऊन बसले.

काम संपत आलं, तसं नीरजाचंही तोंड उतरलं. "व्हिडिओत मनगट भयंकर वाकलेलं दिसतंय," ती मला म्हणाली, "पण त्रास कुणालाच नाही. दोष आहे, असं मी कशाच्या जोरावर लिहू?" मी तोंड उघडणार होते, तर रतनबाई मधे आल्या आणि म्हणाल्या, "जायच्या आधी घरला जेवाय या, ताई. ज्योत्स्ना, तूबी चल."

औंढ्याला त्यांच्या घरी इंद्रायणीचा भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी होती. जेवणं झाल्यावर रतनबाईंनी नीरजाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरायला घेतली. दोन्ही हातांची ओंजळ करून तांदूळ उचलले. उजवा अंगठा काही मिटेना. अर्धे तांदूळ ओटीत पडले, अर्धे जमिनीवर. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा तेच.

दारात बसलेले त्यांचे मालक अंबाजी भाऊ म्हणाले, "रोजचंच हाय त्ये. भाकरीबी मीच थापतो आताशा."

त्या वेड्यावाकड्या भाकऱ्या! मी त्यांच्यावरून किती चेष्टा केली होती. मला तिथेच रडू फुटलं.

नीरजानं सांडलेले तांदूळ गोळा केले. मग हळूच विचारलं, "मावशी, मग रोज हसऱ्यावर का बोट ठेवलंत?"

"तवा तू पावनी व्हतीस. आता वटी भरली, लेक झालीस." रतनबाईंनी हात तिच्या मांडीवर ठेवला. "लय दुकतो गं. राती झोप येत न्हाई."

नीरजा हुशार खरी. बाकीच्या बायकांकडून एवढ्या ओट्या भरून घ्यायला तिला वर्ष लागलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं कार्ड तेच ठेवलं, प्रश्न बदलला. "तुमचं राहू द्या. शेजारणीचं काय दुखतं, ते सांगा."

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! जी ती बाई तोंड भरभरून बोलायला लागली. बयाबाईची कंबर, राजेश्वरीचा खांदा, कढईपाशी कुणाचे डोळे झोंबतात, कोण जिना धरून उतरतं. माझी मान आखडते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तरी चौघींनी सांगितलं. रतनबाईंसाठी सगळ्यांचं बोट शेवटच्या चेहऱ्यावर होतं. व्हिडिओ आणि ही सगळी उत्तरं नीरजानं शेठसमोर ठेवली. शेठनं ते मुरगाळलेलं मनगट पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग स्वतः वेल्डरला बोलावलं आणि रतनबाईंना उभं करून त्यांच्या मापानं टेबलाचे चारही पाय कापून घेतले. लाटणंही बारीक मुठीचं आणलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रतनबाई महिनाभर आमच्यात पॅकिंगला बसल्या आणि मग पुन्हा लाटण्यापाशी गेल्या.

हात काही एका दिवसात सुधारला नाही. नीरजा मधूनमधून कार्ड घेऊन येते आणि रतनबाई आता कधी चौथ्या, कधी तिसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात, वर तिला गुडघ्याचंही ऐकवतात. शेठनं विचारलं तर मात्र अजून झ्याकच असतं.

परवा जेवायला बसलो. सवयीनं मी त्यांच्या डब्याकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. डबा पोटाशी धरून त्यांनी झाकण फिरवलं, थोडा वेळ लागला, पण निघालं. आत भाकरी होती. गोल.