पन्नाशेठची पुसलेली फीत

पन्नाशेठशी कोणी भांडायला आले की तो उलट उत्तर देत नसे. काउंटरखाली हात घालून तो आवाज भरणाऱ्या यंत्राचे बटण फिरवी आणि समोरच्याला हवे तेवढे बोलू देई. बोलून झाले की फीत मागे फिरवून त्याचेच बोलणे त्याला ऐकवी. शेजारच्या दुकानांतले लोक जमत. शिव्या देणारा माणूस स्वतःच्या शिव्या ऐकून खाली मान घालून निघून जाई. पन्नाशेठ म्हणे, "मी काय बोललो? तुम्हीच बोलले."

जळगावात त्याचे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. घराणे राजस्थानातले, दोन पिढ्या इथे कापडाच्या धंद्यात. स्वातंत्र्यानंतर सभा वाढल्या आणि पन्नाशेठने कापड सोडून आवाज धरला. मी तेव्हा एका साप्ताहिकात बातमीदार होतो. धुळ्याकडच्या सभांना मला अनेकदा त्याच्या गाडीतून जावे लागे. मला तो आवडत नसे. त्यालाही मी आवडत नव्हतो. पण रस्ता एकच होता.

त्याच्याकडे आवाज साठवण्याची तीन साधने होती. पहिली तबकडी. दुसरे, महायुद्धानंतर मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेले तारेवर आवाज भरणारे यंत्र. केसाएवढी बारीक तार तुटली की तो गाठ मारी, आणि प्रत्येक गाठीत वक्त्याचा एखादा शब्द जाई. एकदा पारोळ्याजवळ गाडी उसळली आणि एका पुढाऱ्याचे सबंध भाषण तारेच्या भेंडोळ्यात अडकले. पन्नाशेठने ते रस्त्याकडेच्या नाल्यात फेकले. तिसरे यंत्र फितीचे. तसले दुसरे यंत्र आमच्या भागात कोणाकडे नव्हते.

"तबकडीवर कोरलं की संपलं," तो सांगे. "तार गुंतते. फीत शहाणी आहे, भाऊ. ती कोणाचीच राहत नाही. नवीन भरलं की जुनं आपोआप गेलं."

या शहाण्या फितीने एका मास्तरांची नोकरी घालवली. दुकानात बसून ते शाळेच्या चालकांबद्दल मोकळेपणी बोलले होते. पन्नाशेठने ते चालकांना ऐकवले. मास्तरांची बदली झाली नाही, त्यांना सरळ काढले. त्यानंतर लोक त्याच्या दुकानासमोरून जाताना बोलणे थांबवत. मी त्याला विचारले, हे कशासाठी केले. तो म्हणाला, "यंत्र चालतं का ते पाहायचं होतं."

सोनगीरजवळच्या एका गावी लग्नात त्याचे कर्णे लागले होते. मी सभेहून परतताना त्याच्याबरोबर तिथे थांबलो. हळदीला गोजराक्का नावाची एक म्हातारी गात होती. आजूबाजूच्या गावांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. पन्नाशेठने बायकांच्या मागे मांडवाच्या खांबाला मायक्रोफोन बांधला आणि तिची सगळी गाणी फितीवर घेतली. तिला विचारले नव्हते. शेवटी ती उठून यंत्रापाशी आली आणि त्याला काही बोलली. बाहेर बँड वाजत होता, मला ऐकू आले नाही. पन्नाशेठ हसला. तिचा मुलगा दौलत बाजूला उभा होता. त्याला पन्नाशेठने शब्द दिला की मुंबईला तबकडी काढून आणतो, तुझी आई घरोघर वाजेल.

मुंबईच्या तबकडीवाल्याने अहिराणी गाणी नको म्हणून सांगितले. पन्नाशेठने ती फीत निवडणुकीच्या सभेत एका पुढाऱ्याचे भाषण भरायला वापरली. पुढच्या वर्षी गोजराक्का वारली.

दौलत आवाज मागायला आला, तेव्हा पन्नाशेठने फीत पुसल्याचे सांगितले. जसे कोणी फडके धुतल्याचे सांगेल, तसे. त्यानंतर दौलत दर आठवडेबाजारी येऊन दुकानासमोर बसू लागला. तो शिव्या देत नसे, त्यामुळे पन्नाशेठचे नेहमीचे हत्यार चालत नव्हते. तो एकच प्रश्न विचारी.

"मनी माय कोठे शे?"

येणारे-जाणारे थांबत. मी त्यावर चार ओळींची बातमी छापली. पन्नाशेठ कचेरीत आला आणि म्हणाला की रद्दीत जाणारे लिहिणाऱ्यांनी त्याला साठवणे शिकवू नये.

शेवटी एका बाजारी तो वैतागला. त्याने यंत्र ओट्यावर आणले, ती फीत चढवली आणि जमलेल्या लोकांना सांगितले की आता ऐका आणि या माणसाला घरी न्या. पुढाऱ्याचे भाषण सुरू झाले. कालवे, शाळा, रस्ते. दौलत ऐकत राहिला. भाषण संपले, टाळ्या झाल्या, एक खटका ऐकू आला. पन्नाशेठ म्हणाला, "झालं? आहे कुठे तुझी माय?"

तो एक गोष्ट विसरला होता. भाषण हळदीपेक्षा आखूड होते. फितीच्या शेवटी नवीन काही भरलेच गेले नव्हते.

फीत फिरतच होती. बँडचा आवाज आला, आणि त्यावर म्हातारीचा, अगदी जवळून.

"इचारं का रे माले? ह्या गाना आमना पोरीस्ना शेतस. बठ्ठं तूच ठेवशी का? बंद कर ते."

लग्नात मला ऐकू न आलेले ते हेच: मला विचारलेस का, गाणी आमच्या पोरींची, सगळे तूच ठेवणार का. मग पन्नाशेठचे हसणे. पुढे काही नाही.

त्याने बटणाकडे हात नेला. दौलतने मनगट धरले. बाजारात कोणी हसले नाही.

गाण्यांतले एक अक्षर उरले नव्हते. उरली होती ती फक्त तिने याची काढलेली खरडपट्टी. पन्नाशेठने ब्लेडने तेवढा तुकडा कापला आणि दौलतपुढे टाकला. "घेऊन जा. पुन्हा येऊ नको."

पण तो तुकडा वाजणार कुठे? दौलतच्या गावात वीज नव्हती, आणि यंत्र फक्त या एका माणसाकडे. म्हणून आईच्या वर्षश्राद्धाला तो तंबाखूच्या डबीत फीत घेऊन पुन्हा आला. पन्नाशेठने ती दुसऱ्या फितीला चिकटवली आणि वाजवली. पुढे दर श्राद्धाला दौलत येत राहिला, आणि स्वतःला भरलेला तो दम पन्नाशेठ दरवर्षी ऐकत राहिला. दौलतला त्याने कधी बसायला सांगितले नाही. सांगितले असते तरी तो बसला नसता. दोघे एकमेकांकडे पाहतही नसत.

पन्नाशेठ हृदयविकाराने अचानक गेला. मुलांनी दुकान पुन्हा कापडाचे केले आणि यंत्र इंदूरकडच्या कोणाला तरी विकले. गावाला फारसे दुःख झाले नाही. मी त्याच्या मृत्यूची बातमी दिली, तीत विशेषण घातले नाही.

श्राद्धाच्या दिवशी दौलत आला, तेव्हा मी समोरच्या हॉटेलात होतो. दुकानात साड्यांच्या घड्या पाहून तो पायरीवरच थांबला. मी जाऊन त्याला पन्नाशेठ गेल्याचे आणि यंत्र विकल्याचे सांगितले. त्याने डबी उघडून पाहिली आणि पुन्हा बंद केली.

"त्या पापीनी आते मराले नको व्हतं," तो म्हणाला, आणि बस धरायला गेला.