कारखान्याच्या गेटवरचं संरक्षण खातं

कारखाना चालू असला की गेटवर कुणाला बोलायला फुरसत नसते. उसाच्या गाड्यांची रांग, मुकादमांची भांडणं, काट्यावरचा आरडाओरडा. त्यामुळे लोकांना वाटतं की किस्से हंगामात घडत असतील. साफ चूक! आमच्याकडं किस्से साठले ते दुष्काळात. ऊस नाही, गाळप नाही, बॉयलर थंडगार, आणि माणसं मात्र ड्यूटीवर हजर. रिकामी माणसं करणार काय? देशाचं संरक्षण!

कारखाना कुठला ते विचारू नका. बीड जिल्ह्यातला, सहकारी, एवढं पुरे. मी तिथं टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी लावणारा. माझी खिडकी गेटच्या केबिनला लागूनच, त्यामुळे न ऐकायचंही सगळं ऐकू यायचं. त्या वर्षी मी जितक्या वेळा हबकलो, तितका उभ्या नोकरीत हबकलो नाही.

केबिनमध्ये तिघांची बैठक. सुरक्षा अधिकारी खाडे, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. दुसरे मुळे सर, युसूफ वडगावचे, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेले. घरी टीव्ही बघू देत नाहीत म्हणून ते आमच्या केबिनमध्ये बातम्या बघायला यायचे. आणि तिसरे वॉचमन नागरगोजे मेजर, शिरूर कासारकडचे. आता मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. फौजेत नायक होते. पण आमच्याकडं सुभेदार सोडले तर फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच!

नागरगोजेंचा एकुलता एक मुलगा विष्णू. तोही फौजेत, आणि तेव्हा पार वर, उत्तरेच्या सीमेवर होता. तिकडं तणाव चाललेला. म्हणजे बाकी दोघं ज्या सीमेवर तोंडानं लढत होते, तिथं यांचं पोरगं खरंच उभं होतं.

*

उन्हाळ्यात सुभेदारांच्या डोक्यात आलं, हवाई हल्ल्याचं मॉकड्रिल घ्यायचं.

"कारखाना बंद हाय, हे दुश्मनाला कुठं ठाव हाय?" म्हणाले.

सगळ्यांना सूचना गेल्या. भोंगा वाजला की जमिनीवर पालथं पडायचं, कान झाकायचे, हूं की चूं करायचं नाही. ठरल्या वेळी भोंगा वाजला. अकाउंटवाले आडवे झाले. चीफ केमिस्ट टेबलाखाली शिरले, त्यांचं पोट अर्धं बाहेरच राहिलं. मीही पडलो.

आणि पडल्या पडल्या जमीन हादरायला लागली. मला वाटलं, खरंच काहीतरी आलं! डोकं वर काढून बघतो तर अख्खं गाव गेटवर. बायका हंडे घेऊन, पोरं घागरी घेऊन, एकजण तर सायकलला ड्रम बांधून.

झालं होतं असं, की त्या उन्हाळ्यात भोंगा एकाच कामाला वाजायचा. पाण्याचा टँकर आला की!

सुभेदार ओरडले, "आडवं पडा! बॉम्ब पडायलाय!"

एका म्हातारीनं हंडा जमिनीवर आपटला. "बॉम्ब पडंल तवा पडंल, बाबा. टँकर कुठं हाय ते सांग!"

शेवटी एम.डीं.नी फोन करून टँकर मागवला. तेव्हा कुठं हवाई हल्ला संपला!

*

एकदा टीव्हीवर युद्धाची चर्चा रंगली होती. मुळे सर टीव्हीतल्या माणसापेक्षा मोठ्यानं बोलत होते. मी नागरगोजेंना विचारलं, "मेजर, विष्णूकडं बंदूक असते ना हो?"

"हाय की. पर चालवायची न्हाई."

"म्हणजे?"

"तिथं गोळी चालवायची न्हाई असं दोनी देशात ठरल्यालं हाय. लईच झालं तर धक्काबुक्की. काठी, दगड."

मी मुळे सरांकडं बघितलं. वाटलं, सर म्हणतील, काहीतरीच! सरांनी निमूट मान डोलावली. खरं होतं.

मी हबकलोच. एवढी विमानं, एवढी क्षेपणास्त्रं, सव्वीस जानेवारीची ती परेड, आणि पोरगं मात्र बर्फात काठी घेऊन उभं! म्हणजे देश मोठा झाला तरी भांडण बांधावरचंच!

त्यात संचालक भैय्यासाहेब आले. चेअरमनांचे पुतणे, झेडपीच्या तिकिटावर डोळा. त्यांनी एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "मंग आपली पोरं पाठवू की! काठी चालवायला आपल्या तालुक्याचा हात कोण धरंल?"

नागरगोजे म्हणाले, "एक गेलाय, भैय्यासाहेब."

*

काठीवरून आठवलं. धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं, आणि कालव्याच्या चारीच्या दारावर दोन गावं समोरासमोर आली. लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभे. आमच्या बाजूनं सुभेदारांना पाठवलं.

ते तिथं गेले आणि बघतात तर काय! समोरच्या गावानं जो म्होरक्या आणला होता, तो यांच्याच पलटणीतला हवालदार! दोघांनी कडक सॅल्यूट ठोकला, मिठी मारली. मग चुना मागवून जमिनीवर दोन रेघा मारल्या. मधल्या जागेत दोन्ही गावांनी यायचं नाही. फक्त हे दोघं तिथं बाजेवर बसून चर्चा करणार.

चर्चा दिवसभर चालली. चहा दोन्ही बाजूंनी येत होता. गावं रेघेबाहेर उन्हात उभी, एकमेकांवर नजर रोखून. कुणी लघवीलासुद्धा हललं नाही!

संध्याकाळी एकमत झालं. निम्मं निम्मं पाणी. टाळ्या पडल्या. दार उघडलं. चारी कोरडी ठणठणीत!

वरच्या अंगाचं तिसरंच गाव दिवसभर मोटारी लावून पाणी उपसत बसलं होतं.

सुभेदार दोन दिवस केबिन सोडून काट्यावर जाऊन बसले. मुळे सर मात्र खूश. "अहो, हेच तर मी तीस वर्षं शिकवलं! पुस्तकात देशांची नावं होती, एवढाच फरक."

*

मुळे सरांचं हे ज्ञान बघून भैय्यासाहेबांनी त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'उगवती महासत्ता आणि सुरक्षेची आव्हानं'. कारखान्याचा हॉल भरला, कारण हॉलला पंखे होते.

सर रंगात आले. एकीकडं हा शेजारी, दुसरीकडं तो शेजारी, खाली समुद्र. एक शेतकरी उठला. "सर, चहूकडून असं हाय, तर आपुन इथं राहायलाच कावून आलो?"

हॉल हसला, सर थांबले नाहीत. टेबलावर हात आपटून म्हणाले, "संरक्षण म्हणजे पूर्वतयारी! घटना घडल्यावर जो धावतो तो हरतो. घटना घडायच्या आधीच जो तयार असतो, तो जिंकतो!"

सगळ्यात मोठी टाळी भैय्यासाहेबांची. नंतर मला म्हणाले, "हे लई पटलं बघा. आपुन नेहमी उशिरा जागे होतो."

मला काय कल्पना, माणूस यातून काय उचलील!

*

मग वार्षिक सभा आली. सभेची आमच्याकडं एक रीत आहे. ठराव वाचायला सुरुवात केली की पुढच्या रांगा ओरडतात, "मंजूर, मंजूर!" ठराव कसला, कुणाला कळत नाही. त्या वर्षी शेवटी भैय्यासाहेब उठले. "शेजारी राष्ट्रानं घुसखोरी थांबवली नाही, तर केंद्र सरकारनं तात्काळ..."

"मंजूर, मंजूर!"

झालं! पाणी नाही, ऊस नाही, पण आमच्या कारखान्यानं लढाई मंजूर केली. सूचक भैय्यासाहेब, अनुमोदक सगळे. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. शेजारी नागरगोजे, बंदोबस्ताला.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "जायाचं कुणी, ते हाय का ठरावात?"



*

थंडी सुरू झाली आणि विष्णूचा फोन बंद झाला. टीव्हीवर चकमकीची बातमी. कुठं, कोण, काहीच नाव नाही. केबिनमधली चर्चा एकदम थांबली. मुळे सर यायचे, पण टीव्ही लावा म्हणायचे नाहीत.

नागरगोजेंची बायको रुक्मिणबाई तेव्हा ऊसतोडीला पार कोल्हापूरकडं. इकडचे कारखाने बंद, म्हणून टोळ्या तिकडं गेलेल्या. ती रोज फडातून फोन करायची, आणि हे माझ्या खिडकीखाली उभे राहून सांगायचे, "आलता की फोन. बरा हाय. थंडी लई हाय म्हनला. जेवला म्हनला."

सगळं खोटं! रोज नवीन! एक दिवस म्हणे साहेबांनी शाबासकी दिली, एक दिवस म्हणे शिरा केला होता. मला ऐकवायचं नाही. वाटायचं, उद्या काही वेडंवाकडं कळलं तर या बाईनं कुणाकडं बघायचं? एकदा मी बोललोही, "मेजर, हे बरं नाही."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. स्पीकर चालू होता. पलीकडून रुक्मिणबाईचा आवाज आला.

"लबाड बोलायलाव ते कळतंय मला. पोरगं शिऱ्याला हात लावीत न्हाई. तरी सांगत जा. कोयता धरायला जोर येतो."

*

असेच दिवस चालले होते, आणि एका सकाळी नागरगोजे उशिरा आले. हा माणूस कधी उशिरा येत नाही. डोळे लाल. हजेरी लावली, पण विचारायची छाती झाली नाही. सुभेदारांनी उगाच रजिस्टर उघडलं. मुळे सर बाकावर बसून चपलांकडं बघत राहिले.

तेवढ्यात केजकडून एक टेम्पो आला. गेटचा नियम, माल बघितल्याशिवाय गाडी आत नाही. नागरगोजे पुढं गेले.

"काय हाय?"

"फ्लेक्स. भैय्यासाहेबांची ऑर्डर."

"सोड."

ड्रायव्हर दुसऱ्या गावचा, यांना ओळखत नव्हता. त्यानं दोरी सोडली, फ्लेक्स रस्त्यावर उलगडला. वर तिरंगा. खाली मोठ्या अक्षरात 'वीर जवान अमर रहे'. एका कोपऱ्यात हात जोडलेले भैय्यासाहेब. मध्ये, भैय्यासाहेबांपेक्षा जरा लहान, विष्णू!

मी खिडकीतून बघत होतो. सुभेदार ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. मुळे सरांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं.

"कवा झालं?" सुभेदारांनी ड्रायव्हरला विचारलं.

"झालं न्हाई वो अजून," ड्रायव्हर म्हणाला. "तयार करून ठिवा म्हनले. ऐनवेळी छपाईला लाइन लागती, दुसऱ्या पुढाऱ्याचा आधी लागतो."

मुळे सर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले.

नागरगोजे फ्लेक्ससमोर उकिडवे बसले. पोराच्या चेहऱ्यावरची धूळ हातानं पुसली. मग उठून ड्रायव्हरला म्हणाले,

"फोटू जुना हाय. आता मिशा ठिवल्यात त्यानं. सकाळीच व्हिडिओ कॉलवर बघितल्या म्या. घे माघारी टेम्पो!"