तीनशे ऐंशीनंतर पुन्हा एक

आकडा म्हणजे आकडा, हा गुरुबसप्पा वस्तादांचा खाक्या. सोलापुरातल्या एका तालमीत पंचवीस वर्षं त्यांच्याच शब्दाला मान. खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन पाचशे बैठका मारायच्या आणि मध्ये थांबलं की पुन्हा एकपासून. भलेभले पैलवान या नियमापुढं रडकुंडीला यायचे, आणि वस्तादांना त्याचा कोण अभिमान!

चौऱ्याहत्तर साली मोहोळच्या जत्रेत सिद्धलिंगप्पाची कुस्ती ठरली. बावीस वर्षांचा गडी, साऱ्या तालमीचा जीव त्याच्यावर. कुस्तीला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी तो बैठका मारत होता आणि मार्केट यार्डातला कोंडीबा हमाल कामावर जाता जाता दारात टेकला होता.

"वस्ताद, रागावू नगा," कोंडीबा म्हणाला. "गड्याचा गुडघा आत वळतोय. नुसती म्होरली मांडीच राबतीया, मागची मांडी अन् बूड झोपल्यात. खाली बसताना मागनं बी धरायला पायजे, उठताना समद्यांनी मिळून रेटायला पायजे, अन् टाच भुईला. आमी पोती उचलतो ती तशीच की. एकल्यावर भार आला की सांधा जातो."

"हमालानं आता कुस्ती शिकवायची व्हय रं?" वस्ताद म्हणाले. सगळी तालीम खो खो हसली. कोंडीबा खाली मान घालून बसून राहिला.

तीनशे ऐंशीला सिद्धलिंगप्पा थांबला. "वस्ताद, गुडघा धरलाय."

वस्तादांनी पाहिलं. गुडघा आत वळत होता, टाचा उचललेल्या होत्या. डोळे काही फुटले नव्हते त्यांचे, सगळं दिसत होतं! पण आता पोतं उतरवायला सांगितलं तर हमालाचं खरं ठरणार. तेवढ्यासाठी, बघा, फक्त तेवढ्यासाठी ते म्हणाले, "एकपासून."

सिद्धलिंगप्पानं पोतं सावरलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. सेहेचाळिसाव्या बैठकीला त्याच्या गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि तो पोत्यासकट कोसळला. कुस्ती आता कायमची विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वस्तादांना त्या दिवसापासून भाकरी गोड लागेना. घरातसुद्धा ते कुणाच्या नजरेला नजर देईनात.

तीन आठवड्यांनी मोहोळचे रावसाहेब तालमीत आले. जत्रेची कुस्ती त्यांनीच ठरवली होती. ठरलेली कुस्ती मोडली, त्याचं कारण त्यांना हवं होतं. सगळे पैलवान होते, कोंडीबाही दारात होता. वस्तादांनी मनाशी घोकून ठेवलं होतं, खरं सांगायचं, चूक माझी म्हणायचं. तोंड उघडलं, पण जीभच उचलेना.

तेवढ्यात काठी टेकून उभा असलेला सिद्धलिंगप्पाच बोलला, "जिन्यावरनं पडलो, रावसाहेब. वस्तादांचा काय दोष न्हाय."

रावसाहेबांनी वस्तादांकडं पाहिलं. अजूनही वेळ गेलेली नव्हती.

"व्हय," वस्ताद म्हणाले. "जिना लई वाईट हाय त्याच्या घरचा."

सिद्धलिंगप्पाचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथं जिना नाही, हे रावसाहेब सोडून तालमीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. रावसाहेबांनी हळहळून वस्तादांच्या पाठीवर हात ठेवला आणि वस्तादांनी तो ठेवू दिला.