खरवडीचा मानकरी

यवतमाळात प्रत्येकाचं एक हॉटेल असतं. मालकीचं नव्हे, जिवाचं. कुणाचं बसस्टँडमागचं तर्री-पोह्याचं, कुणाचं आर्णी रोडवरचं कचोरीचं, कुणाचं गल्लीच्या तोंडाशी गाडा लावून आलूबोंडे तळणाऱ्याचं. आपला तो बाब्या या न्यायानं जो तो आपलंच हॉटेल थोर मानतो आणि नागपूरहून आलेल्या पाहुण्याला स्टँडवरून थेट तिथं ओढत नेतो. मी मात्र माझं हॉटेल लपवत असे. दुपारी कुठं जेवता असं कचेरीत कुणी विचारलं तर "डबा आणतो" म्हणून थाप मारायचो. खाण्याच्या बाबतीत मी कधीच उदार नव्हतो, आणि आता या वयात होईन असंही वाटत नाही.

मी तेव्हा कापूस खरेदी केंद्रावर कारकून होतो. कापूस सरकारनंच घ्यायचा, त्या एकाधिकार खरेदीची ती शेवटची वर्षं. टोकन द्यायचं, वहीत नंबर लिहायचा आणि वजनकाटा मोकळा झाला की पुढच्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, हाक मारायची, एवढंच माझं काम. केंद्राच्या मागच्या भिंतीला टेकून टिनाचं एक छप्पर होतं. पाटी नाही, दोन बाकडी, एक माठ आणि चुलीवर ही मोठी लोखंडी कढई. साठीला आलेली एक बाई तिथं एकटी भाकरी थापायची. ज्वारीची भाकर, चून आणि ठेचा, एवढंच मिळायचं. बाकीचा महाराष्ट्र ज्याला पिठलं म्हणतो ते आमचं चून.

चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडाची वाळकी काटकं. त्यांचा जाळ भडकतो पटकन आणि बसतोही पटकन, त्यामुळे कढईच्या बुडाशी चुनाचा एक थर धरायचा. दोनच्या सुमारास कढई रिकामी झाली की ती उलथन्यानं तो थर सोडवायची. तळहाताएवढी, तांबूस, कडेला करपलेली, लसूण आणि धूर यांच्या वासाची खरवड. कढई एक, खरवड एक. पहिल्या वर्षी मी अजाणतेपणी म्हणालो होतो, काकू, याचे वेगळे किती? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी वरमलो.

"खरवड इकत नसतात, भाऊ. बरकत जाते कढईची," ती म्हणाली आणि तोच तुकडा माझ्या भाकरीवर ठेवला.

त्यानंतर दोन हंगाम ती खरवड बहुतेक रोज मलाच मिळाली. ती काही बोलायची नाही, मीही बोलायचो नाही. पण बाकड्यावर सात-आठ माणसं बसलेली असताना उलथनं सगळ्यांना ओलांडून माझ्या ताटाशी येऊन थांबायचं, तेव्हा माझी छाती इंचभर फुगायची. एकदा घरी बायकोनं हौसेनं चून करून माझ्यासाठी खरवड राखून ठेवली होती. मी म्हणालो, "याला ती चव नाही." 'ती' म्हणजे कुठली ती, हे काही मी सांगितलं नाही. बायकोनं दोन दिवस अबोला धरला.

मग केंद्रावरची रांग वाढत गेली. बाहेरचा व्यापारी मातीमोलानं मागायचा, म्हणून सगळ्यांचा ओढा केंद्राकडं. बंड्या फाटकाबाहेर, सडकेवर, पार पुढच्या नाल्यापर्यंत. आठ-आठ दिवस नंबर लागायचा नाही. माणसं बंडीतल्या कापसावरच झोपायची. आधी जे लोक पुरं ताट घेत, ते आता भाकरी घरून फडक्यात बांधून आणत आणि नुसतं चून मागत. पुढं पुढं दोघांत एक वाटी. तिनं चून पातळ केलं नाही, हे मात्र सांगायला हवं.

त्या गर्दीत तो आला. मुकुटबनकडचा शेतकरी, उंच, झुपकेदार मिशांचा, गळ्यात दुपट्टा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्याच घासाला म्हणाला, "बाई, तुह्या हातचं चून खाल्लं अन् मले माही माय आठवली." आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आल्या आल्या यानं नातंही जोडून टाकलं! मलाही पहिल्या दिवशी अगदी तसंच वाटलं होतं. पण मी बोललो नव्हतो. साहेबमाणसानं असं काय बोलायचं?

"रांगेत तीन दिवस झाले ना गा, भाऊ?" तिनं विचारलं.

"मले काही घाई नाही, बाई. माह्या बैलाईले यवतमाळची हवा मानवून राह्यली. आता ते मनतात, इथंच पोरगी पाहा."

ती हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं कढई खरवडली, आणि उलथनं माझ्या ताटावरून पुढं जाऊन त्याच्या भाकरीवर थांबलं.

माझ्या अंगाचा नुसता तीळपापड झाला. मनात म्हटलं, एक दिवस चालायचं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वर त्या माणसाला तिचं मोलही नव्हतं. मी दोन वर्षं जी खरवड कोपर आडवं धरून खाल्ली, तिचे तो तुकडे करून बाकड्यावर सगळ्यांना वाटायचा. एक तुकडा माझ्यापुढं धरून म्हणाला, "घ्या ना जी, साहेब."

"मला करपट चालत नाही," मी म्हणालो.

तिनं चुलीपासून वळून पाहिलं. मी ठेच्यात बोट बुडवून भाकर संपवली आणि उठलो.

रात्रभर पोटात दुखत होतं, आणि ते खाण्यानं नव्हतं. त्याचा नंबर यायला अजून दोन दिवस होते. म्हणजे आणखी दोन खरवडी. शिवाय त्याच्या घरी अजून एक वेचणी शिल्लक होती, असं त्यानंच सांगितलं होतं; म्हणजे काटा झाला की तो इथं रेंगाळणार नव्हता. सकाळी केंद्रावर गेलो, वही उघडली आणि पहिली हाक त्याच्या नावाची मारली.

त्या वर्षांत नंबर पुढं सरकावा म्हणून लोक काय काय करत! वशिला लावत, पाया पडत, कुणी कुणाच्या साडूला गाठे. मी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, तो माझा ताठा होता. आणि तो ताठा मी मोडला तर कुणासाठी, ज्याचं तोंड पाहायची इच्छा नव्हती त्याच्यासाठी. एकदाची बंडी रिकामी होऊ दे आणि जाऊ दे याला मुकुटबनला, एवढंच डोक्यात होतं.

त्या सकाळी ज्याचा नंबर खरा होता, तो आर्णीकडचा एक वाळका, अबोल माणूस. त्यानं बैल जुंपून तयार ठेवले होते. मी म्हणालो, "तुमचं नंतर पाहू." त्यानं हातातल्या टोकनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाला, "बरं जी." आणि जू पुन्हा खाली ठेवलं.

मिशीवाल्याचा काटा झाला. तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्यानं हात जोडले. "माह्यासाठी काहून केलं जी, साहेब? ना ओळख ना पाळख."

"निघा आता लवकर," मी म्हणालो. हे एवढंच मी त्या दिवशी खरं बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहाही न घेता, कडकडीत भूक ठेवून मी टिनाखाली गेलो. मिशीवाला निघण्याआधी तिथं येऊन गेला होता. साहेब देवमाणूस आहे, असं सगळ्यांना सांगून गेला होता. तिनं पदरानं माझ्यापुरतं बाकडं पुसलं. समोर तो आर्णीवाला बसला होता. 'नंतर पाहू' म्हणून मी विसरलोच होतो, त्याचा नंबर अजून लागला नव्हता. घरची भाकर, एक मिरची, आणि माठातलं पाणी.

दोन वाजले. तिनं कढई उतरवली. खरवड आज माझ्या भाकरीवर आली नाही, वेगळ्या ताटलीत आली.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "तुमाले करपट चालत नाही ना, मनून बेतानं काढली."

मी घास घेतला. पिवळी, मऊ, नुसतं घट्ट झालेलं चून. कुरकुर नाही, धूर नाही. आणि दोन वर्षं मी 'भाऊ' होतो, तो आजपासून 'साहेब' झालो होतो. समोरचा माणूस मान खाली घालून मिरची चावत होता. मी ती ताटली चाटूनपुसून संपवली, कारण टाकली असती तर तिनं कारण विचारलं असतं.

मग रोज ताटली येऊ लागली. बाकड्यावरचे लोकही सरकून जागा द्यायचे, "साहेबाले द्या आधी" म्हणायचे, आणि माझा घास गिळून व्हायच्या आत कुणीतरी हळूच म्हणायचं, "आमचाही नंबर पाहा जी जरा." विकत नसते असं जिच्याबद्दल तिनं मला सांगितलं होतं, ती खरवड मीच माझ्या हातानं विकत घेतली होती. महिनाभर मी हट्टानं जात राहिलो. मग खरोखरच घरून डबा आणायला लागलो.

पुढं ती खरेदी बंद पडली, केंद्र ओस पडलं, माझी बदली झाली. टिनाच्या जागी आज मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

बऱ्याच वर्षांनी पांढरकवड्याला कामासाठी गेलो होतो. स्टँडवर कुणीतरी मागून खांद्यावर थाप मारली. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पट्टा तसाच चालू होता. "चाला साहेब, एका ठिकानी चून खाऊ." हायवेवर ट्रक थांबतात तिथं मागल्या बाजूला एक झोपडीवजा हॉटेल होतं. तिथली म्हातारी, ही दुसरीच कुणी, त्याला पाहून हसली आणि न विचारता तिनं खरवड काढून त्याच्या भाकरीवर ठेवली. तांबूस, कडेला करपलेली.

माझं पोट पुन्हा दुखायला लागलं. त्यानं ती मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली. "करपट चालत नाही तुमाले, पन खाऊन तर पाहा. अन् आता तरी सांगा जी, तवा माहा नंबर पुढं काहून घेतला?"

मी सांगून टाकलं. खरवडीसाठी, म्हटलं. तुम्ही जावं म्हणून.

तो खो खो हसला, त्या म्हातारीलाही हाक मारून सांगायला लागला. हसता हसता मध्येच थांबला. तोंडात घास तसाच होता.

"मंग मांगं कोन सरकला, साहेब?"

"आर्णीकडचा होता एक. मी नाव विचारलं नव्हतं."

आपली अर्धी खरवड त्यानं ताटाच्या कडेला सरकवली आणि नुसत्या ठेच्याशी भाकर संपवली. माझ्या वाट्याची खरवड पहिल्यासारखीच कुरकुरीत होती. इतक्या वर्षांत मला एकदाही न सुचलेला प्रश्न त्या माणसाला घास गिळायच्या आत सुचला होता, आणि तिथं बसल्या बसल्या मी त्याच्यावर पुन्हा जळलो.