स्वतंत्र वकिलाची सही

बावीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो आहे: इथे सही करा. बोट ठेवून दाखवतो, पिवळी चिठ्ठी चिकटवतो, तरी एखादा भलतीकडेच सही करतो आणि मी मनातल्या मनात त्याच्या शाळेचा उद्धार करतो. त्यामुळे या मार्चमध्ये माझी जी शोभा झाली ती ऐकून माझे निम्मे अशील पोट धरून हसतील आणि उरलेले निम्मे वकील बदलतील.

माझं नाव लॉर्न फ्रीसन. वय एकोणपन्नास. पूर्वी कॅनडातल्या विनिपेगच्या एका मोठ्या फर्ममध्ये भागीदार होतो, आता दूर दक्षिणेला, परक्या देशातल्या उकाड्याच्या मेरिदा शहरात राहून स्वतंत्र वकिली करतो. स्वतंत्र म्हणजे कॉफी स्वतः करायची, प्रिंटरला थपडा स्वतः मारायच्या, आणि चूक झाली तर रागवायला स्वतःशिवाय कोणी नाही. माझं मुख्य काम बर्फ उपसण्याच्या कंत्राटांचं. विनिपेगातल्या दुकानांपुढचा बर्फ कोणी, किती वाजेपर्यंत उपसायचा आणि त्यावरून एखादी आजी घसरली तर भरपाई कोणी द्यायची, हे मी चाळीस डिग्रीत पंख्याखाली बसून लिहितो. अशिलांशी व्हिडिओवर बोलताना स्वेटर घालतो. ज्याला उकडतंय तो वकील बर्फाकडे गांभीर्यानं बघेल, हे त्यांना पटत नाही. तासाभराच्या बोलण्यानंतर तो स्वेटर पिळून वाळत घालावा लागतो.

तीन वर्षं मी इथे पाहुण्यासारखा ये-जा करत होतो. यंदा रीतसर राहायचं ठरवलं आणि कॅनडातून व्हिसा घेऊन आलो. नियम साधा होता. देशात पाऊल टाकल्यापासून तीस दिवसांत परदेशी लोकांच्या ऑफिसातून रहिवासाचं कार्ड घ्यायचं. नाही जमलं तर व्हिसा रद्द, आणि गाठोडं उचलून घरी परत. माझी अडचण अशी की परत जायला घर नव्हतं. विनिपेगचं घर घटस्फोटात मार्लिसकडे गेलं, आणि मार्लिस एका दातांच्या डॉक्टरकडे. इथे दोन खोल्या, एक झुला आणि मला नावानं हाक मारणारी गल्ली, एवढाच माझा संसार. तो जाईल याची भीती होती, पण हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. वकिलानं घाबरायचं नसतं, अशिलानं घाबरायचं असतं.

सहाव्या दिवशी ऑफिसात गेलो. ऑफिससमोर दोन्या लँडींचं (दोन्या म्हणजे इथल्या भाषेत बाई) वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्या एकोणीस वर्षं परदेशी लोकांचे फॉर्म भरून देतात. मला बघून म्हणाल्या, "फॉर्म भरून देऊ का?"

"नको. मी वकील आहे."

"अस्सं," त्या पनुचोचा, म्हणजे इथल्या तळलेल्या भरल्या पोळीचा, घास चावत म्हणाल्या. "मग लवकरच परत याल."

खिडकी नंबर चारला कनुल मॅडम होत्या. फॉर्म वाचता वाचता धंद्याच्या रकान्याशी थांबल्या. "स्वतंत्र वकील. स्वतंत्र म्हणजे?"

"म्हणजे मला कोणाची गरज लागत नाही," मी जरा ऐटीतच म्हणालो.

त्यांनी पासपोर्ट उघडला, फॉर्मशेजारी ठेवला, आणि दोन्ही माझ्याकडे फिरवले. "चेहरा जुळतो. सही जुळत नाही. जुळणारी घेऊन या."

पासपोर्टवरची सही नऊ वर्षांपूर्वीची. काय सही होती! डोंगराएवढा एल, पुढे मोठमोठी वेटोळी, खाली दोन फटकारे, आणि शेवटी रागानं दिल्यासारखा ठिपका. मी भागीदार झालो त्याच आठवड्यातली. हिला बघून मला नेहमी वाटायचं, हा माणूस काय रुबाबात होता. त्यानंतर कॉम्प्युटरवर सह्या सुरू झाल्या, बटण दाबलं की झाली. आता हातानं करायची वेळ आली की एक एल निघतो आणि पुढे सरळ रेघ. खटला निकालात निघाल्यासारखी.

आठवडाभर मी शाळकरी पोरासारखा सही गिरवत बसलो. खिडकीच्या काचेवर पासपोर्ट धरला, वर पातळ कागद ठेवला. दोन वह्या भरल्या. त्या वह्या दोन्या लँडींकडूनच घेतल्या होत्या. दुसरी वही मागितली तेव्हा त्यांनी न विचारता खोडरबरही दिलं.

चौदाव्या दिवशी पुन्हा खिडकी नंबर चार. कनुल मॅडमनी माझी नवी सही डोळ्यांजवळ धरली. "ही केलेली नाही, काढलेली आहे," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी असंच बदक काढते."

मागे रांगेतला एक म्हातारा फ्रेंच माणूस खोकला. तो खोकला नव्हता हे मला समजलं.

आता माझ्यातला वकील चवताळला. तीन दिवस काम बाजूला ठेवून मी सात पानी प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यात मी शपथेवर सांगितलं की मी म्हणजे मीच. माणसाची सही वयाप्रमाणे बदलते. आणि माझ्या वतीनं सही करायचा पूर्ण अधिकार मला आहे. अकरा तळटीपा दिल्या. इथल्या भाषेत भाषांतर करून घेतलं, शिक्का मारून घेतला. एवढं सुंदर काम मी पैसे घेऊनही कधी केलं नव्हतं. बाविसाव्या दिवशी ते खिडकीतून सरकवलं.

कनुल मॅडमनी सातही पानं वाचली, हे मान्य करायला हवं. "छान लिहिलंय. खाली सही केलीय का?"

"केलीय."

"कुठली?"

मी शेवटचं पान बघितलं. एक एल आणि सरळ रेघ.

बाहेर येऊन दोन्या लँडींच्या बाकड्यावर बसलो. शेजारच्या बर्फाच्या वखारीचा विल्बर्ट तिथेच तांदळाचं गार सरबत, ओर्चाता, पीत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तो कोरडा पाषाण कसा दिसतो, ते त्याला फुकटात बघायला मिळालं.

"वकीलसाहेब," दोन्या लँडी म्हणाल्या, "वर्षाला असे पाच-दहा येतात माझ्याकडे. हात विसरलेले. एक सांगा, ती सही केलीत तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? सही."

"ते कळलं. बसून की उभं राहून? घाई होती? बरोबर कोण होतं?"

मला काही आठवेना. आठवत होता तो नुसता रुबाब. पण एक माणूस होतं ज्याला आठवलं असतं, आणि त्याला फोन करायचं मी चार वर्षं टाळत होतो. आणखी पाच दिवस टाळला. सत्ताविसाव्या दिवशी लावला.

"लॉर्न?" मार्लिस म्हणाली. "बरा आहेस ना? कोणी गेलं का?"

मी सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. चांगलं मिनिटभर.

"अरे वेड्या, तुझ्या हातात मिटन होतं."

"काय?"

"लोकरीचं जाडजूड मिटन. तुझ्या आईनं विणलेलं, चारही बोटं एकत्र कोंबायचं. उणे तीस होतं बाहेर. पासपोर्ट हातात पडला तो विमानतळावर जायच्या वाटेवर. तू हरवशील म्हणून मी म्हटलं, इथेच सही कर. तू गाडीच्या टपावर ठेवून केलीस. पेन गोठलं होतं, मी काखेत धरून गरम केलं. आणि शेवटचा तो ठिपका, तेव्हा पेन तुझ्या हातातून निसटलं."

नऊ वर्षं ज्या सहीचा मला अभिमान होता ती माझ्या आईच्या विणकामाची होती. पोपट झाला म्हणतात तो असा. "आपण तेव्हा कुठे निघालो होतो?" मी विचारलं, खरं तर उत्तर माहीत असून.

"मेरिदाला," ती म्हणाली. मग आवाज जरा हळू झाला. "सही झाल्यावर तू ती मला तीनदा दाखवलीस. किती खूश होतास. राहा तिथेच लॉर्न. तुला तिथे बरं वाटतं."

फोन ठेवल्यावर मी झुल्यात बसून थोडा रडलो. नंतर तोंड धुतलं आणि लोकरी मिटन शोधायला निघालो.

मेरिदात मार्चमध्ये लोकरी मिटन मिळत नाही. दुकानदार मला पाणी प्यायला देत आणि सावलीत बसवत. दोन दिवस असे गेल्यावर मी पुन्हा बाकड्यावर येऊन बसलो आणि मिटनची गोष्ट सांगितली. ऐकताच विल्बर्ट उठला, वखारीत गेला आणि त्याचा शीतगृहातला हातमोजा घेऊन आला. बाहेरून कातडं, आतून लोकर, चार बोटं एकत्र. माशाचा वास होता, कारण वखारीत मासळीही असते. मी तो चढवला, पेन धरलं आणि झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर सही केली. डोंगराएवढा एल, वेटोळी, दोन फटकारे. ठिपका मात्र मला द्यावा लागला नाही, पेनच निसटलं.

"आहे, आहे," विल्बर्ट म्हणाला. "तुमचा हात सापडला."

तिसावा दिवस, शुक्रवार. ऑफिस एक वाजता बंद. माझा नंबर साडेबाराला आला. कनुल मॅडमनी नवा कोरा फॉर्म सरकवला, मी तो भरला आणि पिशवीतून हातमोजा काढला.

"हे काय?"

"सही जुळली पाहिजे असा नियम आहे," मी म्हणालो. "हातमोजा नको असा नियम आहे का?"

मागून, दारातून, दोन्या लँडींचा आवाज आला, "नाहीये. एकोणीस वर्षांत मी तरी वाचलेला नाही."

"बरं, करा. पण फॉर्म एकच आहे. खराब झाला तर आजची वेळ गेली."

मी पेन टेकवलं आणि कागद सरकला. गुळगुळीत काउंटर, जाड हातमोजा, वर पंखा फरफरतोय. डाव्या हातानं दाबून धरला तर घामानं ओला व्हायला लागला. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंतीवर पाटी होती: पिवळ्या रेघेपुढे फक्त अर्जदार. दोन्या लँडींनी पाटी वाचली, रेघ ओलांडली आणि दोन्ही हातांनी कागद धरला. विल्बर्टही आला, त्यानं पेनाची टोपी धरली. ती धरायची गरज नव्हती, पण त्याला काहीतरी धरायचं होतं.

गाडीच्या टपावर त्या वाऱ्यात पासपोर्ट कोणी धरला होता, हे मार्लिसनं फोनवर सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ते मला त्या काउंटरपाशी आपोआप समजलं.

मी सही केली.

कनुल मॅडमनी ती पासपोर्टशेजारी ठेवली. बराच वेळ बघितलं. शिक्का उचलला, मग थांबून विचारलं, "हे दोघं कोण?"

"या कागद धरायला आल्यात," मी म्हणालो. "आणि हातमोजा यांचा."

मॅडमची नजर फॉर्मवरून खाली सरकत धंद्याच्या रकान्यापर्यंत गेली. 'स्वतंत्र वकील' हे शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात वाचले, आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं, आणि शिक्का मारला.

"वर्षानं नूतनीकरण आहे," त्या म्हणाल्या. "तिघेही या."