पातळ काप

मायक्रोस्कोपचं डोळ्याकडचं भिंग बदललं आणि नव्या भिंगातून किती जास्त भाग दिसतो, ते मी मोजलं नाही. गेल्या महिन्यात नागोराव वारल्याचं कळलं, तेव्हा आधी हेच आठवलं... त्यांचा चेहरा नंतर.

सत्तरच्या दशकात मेडिकल कॉलेजातल्या आमच्या विभागात मी अधिव्याख्याता, ते तंत्रज्ञ. हाडाचा काप पूड-पाणी घालून काचेवर घासत बसायचे, वर्तमानपत्रावर ठेवला की त्यातून खालची अक्षरं वाचता येईस्तोवर. मग भिंगातून त्यातली वर्तुळं मोजायची मी. वयाबरोबर ती दाटत जातात. त्यावरून मेलेल्याचं वय काढायचं. ही विद्या अख्ख्या नागपुरात मलाच येते, असं मी कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खाता खाता न विचारता सांगत असे.

उमरेडकडच्या नाल्यात मांडीचं एक हाड सापडलं. पोलिसांसोबत कुहीकडची एक बाई आली. तिचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा वर्षभर बेपत्ता होता. मी मोजायला बसलो तेव्हा नागोराव म्हणाले, "सर, नवं भिंग जास्त जागा दाखवून राहिलं. मापाच्या रेघा आखलेली काचपट्टी लावून पाहा ना एकडाव."

"नागोराव, तुम्ही घासा. मोजायचं मी पाहतो."

आणि ऐटीत लिहिलं : वय पन्नाशीच्या पुढे. बाई माझ्या पाया पडली. "माहा पोरगा जित्ता हाये," म्हणाली.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी काचपट्टी लावली, तेव्हा कळलं, नवं भिंग जवळपास दुप्पट जागा दाखवत होतं. पुन्हा मोजलं, तर वय तिशीच्या आत. पोलिसांना दुरुस्तीचं पत्र धाडलं खरं, पण त्यात कारण दिलं, "काप जाड घासला गेल्यामुळे." नागोरावांनी पत्र वाचलं. एवढंच म्हणाले, "त्या बाईले कोण सांगन?" मी फायली चाळत राहिलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, एसटीनं कुहीला तेच गेले.

त्यानंतर रिटायर होईस्तोवर प्रत्येक काप ते वर्तमानपत्रावर ठेवून माझ्यापुढे सरकवत. "वाचा सर." मी कापाखालची ओळ मोठ्यानं वाचायचो, संत्र्यांचे भाव, नाहीतर सिनेमाच्या वेळा. ते मान हलवायचे.

परवा नागोरावांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी ती काच जपून ठेवलीय. मधोमध घासून खोलगट झालेली. तिच्यावर बोट फिरवत मी म्हणालो, "वहिनी, काप जाड नव्हता. चूक माझी होती."

"मले काहून सांगून राहिले?" त्या म्हणाल्या. "बारा वर्सं थे तुमच्यासमोरच बसत होते ना."